ड्रायर फिरेना? मिस्त्रीला फोन करण्याआधी पाच मिनिटं थांबा!

श्रावणात झड लागली की आपल्या घराची काय दशा होते, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. गच्चीवरची दोरी ओली, ओसरीतली दांडी भरलेली, दारांवर मुलांचे गणवेश लटकलेले, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, पंख्याखाली बनियन-मोजे आणि घरभर तो कुबट वास! अशा दिवसांत वॉशिंग मशीनचा ड्रायर हाच काय तो आधार. आणि नेमका त्याच दिवसांत तो रुसून बसतो.

आमचा ड्रायर असाच नागपंचमीच्या आदल्या दिवशी बंद पडला. धुण्याची बाजू व्यवस्थित चालत होती. पण ड्रायरचं बटण फिरवावं तर ना आवाज, ना हालचाल. समोर बादलीभर पिळे पडलेले. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "काहून गं, फिरंना झालं का?" आणि त्यांनीच एका मिस्त्रीचा नंबर दिला. मिस्त्री आला, मशीनची मागची बाजू उघडली, दहा मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाला, "ताई, डायरेक्ट करून दिलंय. आता काही कटकट नाही." ड्रायर गरगर फिरायला लागला. मी खूश! पैसे दिले, वर चहाही पाजला.

"डायरेक्ट" म्हणजे काय, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

दहा दिवसांनी राखीपौर्णिमेला भाऊ-भावजय परभणीला आले. चार वर्षांचा भाचा माझ्यामागे मोरीपर्यंत आला. कपडे कितपत निघाले ते बघायला मी झाकण उघडलं, तर आतली टोपली थांबेचना. "आत्या, भोवरा!" असं म्हणत त्यानं हात आत घातलासुद्धा. टॉवेलचं टोक त्याच्या मनगटाला गुंडाळलं गेलं. भिंतीवरचं बटण माझ्या हाताशी होतं, आणि टॉवेल निसटला, म्हणून निभावलं. मनगट सुजलं, पण हाड मोडलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीनं नंतर मशीन उघडून मला सगळं दाखवलं. मूळ बिघाड काय होता, ठाऊक आहे? झाकणाला आतून असलेली प्लॅस्टिकची छोटी जीभ तुटली होती! ती जीभ दाबली गेली तरच ड्रायरला वीज मिळते आणि ब्रेक सुटतो. नवीन झाकण बसवलं असतं की काम झालं असतं. त्याऐवजी पहिल्यानं स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या आणि ब्रेकची तारही सोडवून ठेवली होती. म्हणजे झाकण उघडं असो की बंद, ड्रायर फिरणारच. याला म्हणायचं "डायरेक्ट"!

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी ठरवलं, की ज्या यंत्रात रोज आपला हात जातो, त्याची नाडी आपल्याला कळलीच पाहिजे. मशीन उघडून दुरुस्ती करायची असं मी म्हणत नाही. पण काय बघायचं, कुठे थांबायचं आणि मिस्त्रीला काय विचारायचं, एवढं तरी आपल्या हातात असावं. आपल्या परभणीतल्या कृषी विद्यापीठात मुली गृहविज्ञान शिकतात. मग घरातल्या यंत्राला आपणच का घाबरावं?

आपला ड्रायर म्हणजे नेमकं काय?

गंगाखेडच्या जनाबाईच्या धुण्याला विठ्ठल हात लावत असे, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या वाट्याला निदान दोन टाक्यांचं मशीन आलं. त्यातल्या धाकट्या टाकीला आपण सर्रास "ड्रायर" म्हणतो. पण खरं म्हणजे ती कपडे वाळवत नाही, पिळते. ओली कोथिंबीर फडक्यात बांधून आपण गरगर फिरवतो आणि पाणी बाहेर उडतं, तसंच हे. आत भोकाभोकांची टोपली असते. ती मिनिटाला सुमारे तेराशे-चौदाशे वेळा फिरते. कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेरच्या टाकीत उडतं आणि नळीवाटे मोरीत जातं. यात उष्णता कुठेच नाही. म्हणून कपडे दमट निघाले तर तो बिघाड नव्हे. पिळल्यावर थेंब गळत नसला की ड्रायरनं आपलं काम केलं म्हणायचं.

टोपलीच्या बरोबर खाली मोटर असते. ती स्प्रिंगांवर उभी असते, म्हणून थोडंफार हलणं साहजिक आहे. मोटरचा दांडा टाकीच्या तळातून जिथे वर येतो, तिथे पाणी खाली उतरू नये म्हणून रबरी सील असतं. वर झाकणाचा स्विच, त्याला जोडलेला ब्रेक आणि पाच मिनिटांचा टायमर. एवढाच काय तो संसार! आता याच्या तक्रारी एकेक करून बघू. प्रत्येक वेळी पहिलं काम एकच. भिंतीवरचं बटण बंद करून पिन बाहेर काढायची, हात कोरडे करायचे आणि पायात रबरी चप्पल घालायची.

ना आवाज, ना हालचाल

आधी बघा, धुण्याची बाजू चालते का? ती चालत असेल तर मशीनपर्यंत वीज येते आहे, हे नक्की. तीही बंद असेल तर त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा. बऱ्याचदा सॉकेटच ढिलं झालेलं असतं किंवा बोर्डावरचं एमसीबी पडलेलं असतं. एमसीबी एकदा वर करून बघायला हरकत नाही. लगेच पुन्हा पडलं, तर मात्र पुन्हापुन्हा वर करू नका. ते पडतंय म्हणजे ते काही सांगतंय!

धुण्याची बाजू चालते आणि ड्रायर गप्प आहे, तर संशय झाकणावर घ्या. आतलं जाळीचं झाकण वाकडं बसलं असेल, एखाद्या साडीचा काठ मध्ये आला असेल, तर वरचं झाकण पूर्ण बसत नाही. नीट बंद करताना हलकासा "टक" असा आवाज येतो का, ते ऐका. झाकणाच्या आतल्या बाजूची जीभ किंवा खुंटी शाबूत आहे ना, ते बघा. ती तुटली असेल तर मिस्त्रीला तसंच स्पष्ट सांगा. तुमचे पैसे आणि त्याचा वेळ, दोन्ही वाचतील.

मग टायमर. तो नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच फिरवा. घाई झाली म्हणून उलटा ओढला की आतले दाते खराब होतात. फिरवल्यावर टिकटिक ऐकू आली नाही किंवा तो मागे येईना, तर टायमर गेला असं समजा.

आणखी एक गंमत. दिवाळीच्या साफसफाईत आपण पडदे, अभ्रे, चादरी असे पाच-सहा घाणे लागोपाठ काढतो आणि अचानक ड्रायर बंद पडतो. काही मोटरींमध्ये जास्त तापल्यावर आपोआप वीज तोडणारी सोय असते. अर्धा-पाऊण तास विसावा द्या. निवल्यावर ती पुन्हा सुरू झाली, तर तो बिघाड नव्हता, दमणूक होती. यंत्रही दमतं, बरं का!

घुं घुं आवाज येतो, पण टोपली हलत नाही

हा आवाज आला की ताबडतोब बंद करा. वीज मिळते आहे पण फिरता येत नाही, अशा अवस्थेत मोटर पटकन तापते आणि चालू ठेवली तर जळते. "थोडा वेळ बघू, फिरेल" असं करून कितीतरी मोटरी गेल्या असतील!

पिन काढल्यावर टोपली आणि बाहेरची टाकी यांच्या मधल्या फटीत बॅटरीच्या उजेडात बघा. मोजा, रुमाल, बाळाचं लंगोट, ब्लाउजची नाडी, यातलं काहीतरी हमखास तिथे घसरलेलं असतं. दिसलं तर हातानं हळूहळू ओढा, टोपली थोडी थोडी फिरवत. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे ती जड लागणारच. त्याला घाबरू नका, पण जोरही करू नका. विळी, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसू नका. त्यानं सील फाटतं, आणि मग पाच रुपयांच्या मोज्यापायी मोठं काम निघतं.

फटीत काही नसेल तर विजेचा दाब बघा. आपल्याकडे वीज कधी कधी इतकी मंद येते की पंखा पेंगत फिरतो आणि दिवा पिवळा पडतो. अशा वेळी ड्रायर लावूच नये. दाब पूर्ववत झाल्यावर लावून बघा.

दाबही ठीक आहे, फटही मोकळी आहे आणि तरीही नुसतं घुं घुं? मग बहुधा मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असेल. मिस्त्री लोक त्याला "कंडेन्सर" म्हणतात. किंवा ब्रेक अडकला असेल. ही दोन्ही कामं मिस्त्रीची. कपॅसिटरला तर आपण हातच लावायचा नाही. पिन काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते आणि चांगलाच झटका बसू शकतो. हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाच मागचं झाकण उघडायची हौस येते.

मशीन धडधडतं, नाचतं

दहातल्या नऊ वेळा यात बिघाड मशीनचा नसतो, आपल्या भरण्याचा असतो. एका बाजूला जाडजूड टॉवेल आणि दुसऱ्या बाजूला दोन रुमाल, असं झालं की टोपली कलते आणि टाकीवर आदळते. कपडे गोळा करून कोंबू नका. घडी घातल्यासारखे पसरून, कडेनं सारखे लावा, वरून हातानं दाबा आणि जाळीचं झाकण आडवं, घट्ट बसवा. हे झाकण कितीजणींच्या घरी माळ्यावर पडलेलं आहे, खरं सांगा! त्याच्याशिवाय वरचे कपडे उडून फटीत जातात.

एकच मोठी चादर असेल तर तिच्यासोबत एक-दोन टॉवेल घालून तोल साधा. गोधडी आणि वाकळ यांचा मोह टाळा. पाणी प्यायलेल्या गोधडीचं वजन ना टोपलीला पेलतं, ना मोटरला. ती आपली दगडावर आणि कठड्यावरच बरी. रेनकोट, प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ, बाळाखालचं मेणकापड ड्रायरमध्ये अजिबात घालू नका. त्यातून पाणी बाहेर पडू शकत नाही, आत पिशवीसारखं साठतं आणि भर वेगात एकदम सरकतं. मग मशीन जागेवरून उडी मारल्यासारखं हादरतं.

कपडे नीट लावूनही धडधड थांबली नाही, तर मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत का ते बघा. मोरीच्या फरशीला पाण्यासाठी उतार असतो, त्यामुळे एक पाय हमखास अधांतरी राहतो. लाकडाची चपटी फळी किंवा रबरी पट्टी खाली सारा. विटांच्या तुकड्यांवर मशीन उभं करू नका, ते घसरतं. एवढं करूनही आपटणं चालूच राहिलं, तर मोटरखालच्या स्प्रिंगा बसल्या असतील. त्या मिस्त्रीकडून बदलून घ्या.

फिरतं, पण कपडे ओलेच

इथे आधी नळीकडे बघा. मशीनची नळी जमिनीलगत, सरळ मोरीकडे गेलेली हवी. पाणी भांडी घासायला किंवा झाडांना मिळावं म्हणून आपण ती बादलीच्या काठावर चढवून ठेवतो. पाण्याची ओढ असलेल्या आपल्या भागात ही काटकसर योग्यच आहे. पण नळी उंच गेली की बाहेरच्या टाकीतलं पाणी निघत नाही आणि टोपली त्या पाण्यातच घोटाळत राहते. बादलीऐवजी पसरट घमेलं वापरा, नळी खालीच राहील. धुण्याच्या टाकीचं पाणी सोडलेलं असतानाच ड्रायर लावू नका. बऱ्याच मशीनांत दोघांची नळी एकच असते, आणि धुण्याचं पाणी ड्रायरच्या टाकीत उलट येतं.

नळीत साबणाचा चिकटा, कापसाचे तंतू, खिशात राहिलेले कागद अडकतात. महिन्यातून एकदा नळी काढून वरून जोरात पाणी सोडा. आपल्याकडे नळाचं पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून बहुतेकींचं धुणं बोअरच्या पाण्यावर. आपली जमीन काळ्या बेसाल्ट खडकावरची. त्यातून आलेलं पाणी जड असतं. जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो, म्हणून आपण पावडर वाढवतो, आणि त्या पावडरीचाच राखाडी थर टाकीच्या बाहेरच्या बाजूला आणि नळीत बसतो. कपड्यांना येणारा कुबट वास कित्येकदा पावसाचा नसतो, या थराचा असतो! पावडर बेतानं घाला, शेवटची खळबळणी चांगली करा आणि काम झाल्यावर दोन्ही झाकणं तासभर उघडी ठेवून टाक्या वाळू द्या. अर्थात पिन काढून, आणि लहान मूल आसपास नसताना.

नळी ठीक असूनही टोपली संथ फिरते आणि रबर जळल्यासारखा वास येतो, तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, असं समजा. चालवत राहू नका.

इथे मात्र हात मागे घ्या

आतापर्यंत सांगितलेलं सगळं आपण करू शकतो. पण तीन खुणा दिसल्या की पिन काढायची आणि मिस्त्री येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

पहिली खूण शॉकची. "थोडंसं मुंग्या आल्यासारखं होतं, पण चालतंय" हे वाक्य मी कितीजणींच्या तोंडून ऐकलंय! ओली फरशी, ओले हात आणि पाण्यातलं यंत्र. इथे थोडासा शॉक असं काही नसतंच. बहुतेक वेळा मोटरवरचं रबरी सील झिजून पाणी खाली ठिबकत असतं, किंवा घराचं अर्थिंगच मेलेलं असतं. तीन पिनांची जाड पिन म्हणजे अर्थिंग. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापून टाकणं किंवा दोन पिनांचा जोड लावणं म्हणजे संकटाला घरात बोलावणं. घरात आरसीसीबी बसवून घेतलं, तर अशी वीज गळताच ते क्षणार्धात पुरवठा तोडतं. माणसाच्या बचावासाठी ३० मिलिअँपियरचं बसवतात. साधं एमसीबी हे काम करत नाही, हे लक्षात ठेवा. एमसीबी वायरिंग वाचवतं, आरसीसीबी माणूस वाचवतं. इलेक्ट्रिशियनला नाव घेऊन सांगा.

दुसरी खूण म्हणजे जळका वास किंवा धूर. तिसरी म्हणजे ड्रायरच्या बाजूनं खाली टपटपणारं पाणी. हे पाणी नळीचं नसेल तर सीलचं असतं, आणि सीलच्या बरोबर खाली मोटर असते. सील स्वस्तात बदलून मिळतं, मोटर मिळत नाही.

उंदीरमामांचा पराक्रम

पावसाळ्यात शेतातले, गटारातले उंदीर घरात शिरतात आणि मशीनचा उघडा तळ त्यांना आयतं घर वाटतो. आत ऊब असते, अंधार असतो आणि कुरतडायला वायरी. आज चाललेला ड्रायर उद्या सकाळी मुका झाला आणि मशीनखाली काळ्या लेंड्या किंवा प्लॅस्टिकचा चुरा दिसला, तर गुन्हेगार सापडला म्हणायचं. कुरतडलेली वायर उघडी असू शकते, म्हणून "एकदा लावून तर बघू" असं करू नका. दुरुस्ती झाल्यावर तळाला जाळी किंवा पत्रा बसवून घ्या. मशीनजवळ धान्याच्या पोत्या, शेंगांची टोपली ठेवू नका.

मिस्त्री आल्यावर

मिस्त्रीशी हुज्जत घालायची नाही. पण गप्पही बसायचं नाही. "मशीन बिघडलंय, बघा" एवढंच सांगण्यापेक्षा असं सांगा, "भाऊ, धुण्याची बाजू चालते. ड्रायरमधून घुं घुं आवाज येतो. फटीत काही अडकलेलं नाही, विजेचा दाब ठीक आहे." ऐकणाऱ्यालाही कळतं, की समोरची बाई जाणती आहे. काढलेला जुना भाग दाखवायला सांगा. नवीन काय बसवलं, ते कागदावर लिहून घ्या.

कंपनी बंद पडली म्हणून मशीन भंगारात देण्याची घाई करू नका. आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. तरी तिची जुनी मशीनं कित्येक घरांत आहेत. दोन टाक्यांच्या मशीनची मोटर, टायमर, सील, कपॅसिटर हे भाग बरेचसे एका धाटणीचे असतात आणि सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. फक्त जुना भाग सोबत नेऊन मापाला माप जुळवून घ्यायचं.

आणि शेवटची परीक्षा मिस्त्री घरात असतानाच, पैसे देण्याआधी. ड्रायर सुरू करायला सांगा, भर वेगात आला की झाकण उघडा आणि एक, दोन, तीन असं मोजायला लागा. उघडताच वीज तुटली पाहिजे आणि पंधरा मोजेपर्यंत टोपली पूर्ण थांबली पाहिजे. थांबली नाही, तर दुरुस्ती झालीच नाही! "डायरेक्ट करून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडून सांगा, "भाऊ, चार दिवस हातानं पिळीन, पण डायरेक्ट नको."

लेकीकडचा गरम हवेचा ड्रायर

आता तुमच्यापैकी कितीजणी लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला पुण्या-मुंबईला, अमेरिकेला, दुबईला जातात! तिथे खरा "वाळवणारा" ड्रायर भेटतो. मोठा आडवा ढोल फिरतो, आतून गरम हवा जाते आणि कपडे कडकडीत होऊन बाहेर येतात. त्याच्या तक्रारी वेगळ्या, आणि धोकाही वेगळा. आपल्याकडे भीती हाताची आणि शॉकची, तिथे भीती आगीची.

कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतोय? आधी दाराजवळची तंतूंची जाळी बाहेर काढा. कपड्यांचा कापूस-कापूस तिथे जमतो. ती दर वेळी साफ करायची असते. जाळी भरली की हवा कोंडते, यंत्र तापतं, आणि कोरडा कापूस तर पेटायला टपलेलाच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या वर्षांची पाहणी केली. तेव्हा घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० भरल्या, आणि सर्वांत पुढचं कारण होतं साफसफाई न करणं. जाळीनंतर बघा, मागची हवेची नळी भिंतीशी दबलेली तर नाही. काही ड्रायरमध्ये पाणी साठायचा डबा असतो. तो भरला की यंत्र थांबतं, रिकामा केला की चालतं. ढोल फिरतोय पण गरम होत नाही, असं अमेरिकेत झालं तर जावयांना बोर्डावरचा ड्रायरचा दुहेरी ब्रेकर बघायला सांगा. तिथे बऱ्याच ड्रायरना २४० व्होल्टची वेगळी जोडणी असते. तिची एक बाजू गेली की मोटर चालते, उष्णता मात्र येत नाही.

आणि आजीबाईंसाठी खास सूचना! बाळाच्या मालिशची तेलकट दुपटी-फडकी त्या ड्रायरमध्ये मुळीच घालू नका. धुतल्यावरही कापडात तेल उरतं. गरम हवेनं ते तापतं, आणि कपडे तसेच ढिगानं पडून राहिले तर आतल्या आत तापत जाऊन आपोआप पेटू शकतात. ती फडकी दोरीवरच वाळत घाला. कपडे आत फिरत ठेवून झोपू नका, बाहेरही जाऊ नका.

जाता जाता, हे कागदावर लिहून मशीनजवळ चिकटवा

१. आधी पिन काढा, मग बघा. हात कोरडे, पायात चप्पल.
२. झाकण, टायमर, फट, नळी, विजेचा दाब. या पाच गोष्टी आपण बघायच्या.
३. शॉक, जळका वास, खालून पाणी. या तीन गोष्टींना लगेच मिस्त्री.
४. मागचं झाकण आपण उघडायचं नाही.
५. झाकण उघडून पंधरापर्यंत मोजायची परीक्षा दर महिन्याला.
६. "डायरेक्ट" कधीही नाही.

आमच्या मशीनला नवीन झाकण बसलं, ब्रेकची तार पुन्हा जोडली गेली. दिवाळीत भाऊबीजेला भाचा पुन्हा आला. मोरीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "आत्या, भोवरा थांबव ना!" मी झाकण उघडलं आणि आम्ही दोघांनी मोठ्यानं मोजलं. सातालाच टोपली थांबली. त्यानं टाळ्या पिटल्या. माझा जीव मात्र आत्ता कुठे भांड्यात पडला.

तुमच्या घरी आज धुणं असेलच. कपडे काढायच्या आधी एवढं एकदा मोजून बघाच.